छाप राहणारा पडदा

"भिंतीला टांगायचा म्हंजे टीव्ही हाय का कॅलिंडर हाय?"

हे भाऊसो कुणाला उद्देशून बोलले नव्हते. शर्टाच्या खिशाला काहीतरी गुपित सांगितल्यासारखं, ओठांच्या कोपऱ्यातून बोलायची त्यांना सवयच होती. पण 'खतिजा इलेक्ट्रॉनिक्स' होतं एवढंसं, त्यात कूलरच्या खोक्यांनी अर्धी जागा खाल्लेली, आणि श्रुती सासऱ्यांच्या खांद्याशी चिकटून उभी. तिनं ऐकलं आणि हसू गिळलं.

"काय म्हटलात आप्पा?" तिच्या नवऱ्यानं, प्रसेनजीतनं मागं वळून विचारलं.

"काय न्हाय. झॅक हाय म्हटलं."

घरातला एकवीस इंची टीव्ही महिनाभर माणसं हिरवी दाखवत होता. भाऊसो राधानगरीला पाटबंधारे खात्यात होते तेव्हा घेतलेला. त्याच्यासोबत कॉलनी सोडून ते राजारामपुरीत आले, निवृत्त झाले, आणि आता नळीतला तांबडा रंग गेल्यावर तोही निवृत्त व्हायला निघाला होता. बातम्या देणारी बाई कावीळ झाल्यासारखी दिसायची. असं एकदा प्रसेनजीत बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली होती. त्या घरात कावीळ हा शब्द कुणी काढत नाही.

उद्या बुद्धपौर्णिमा. आजऱ्याहून नणंद निशा येणार होती. "त्या मुहूर्तावर घेऊन टाकू," असं श्रुती म्हणाली तेव्हा भाऊसोंनी लगेच दुरुस्ती केली होती, "मुहूर्त कसला? सुट्टी हाय म्हणून." पण घ्यायचं हे नक्की झालं होतं. काय घ्यायचं यावरच चार दिवस घरात नवराबायकोचं वाजत होतं.

"ह्यो डावीकडचा प्लाझ्मा. ह्यो उजवीकडचा एलसीडी." दुकानवाल्या फक्रुद्दीननं दोन्ही पडद्यांवर एकच चित्र लावलं. पाण्यात फिरणारे मासे. "वैनी, काळा रंग बघा. प्लाझ्माचा काळा म्हंजे काळा. एलसीडीचा काळा म्हंजे जुनी छत्री."

"ऐकलंस?" प्रसेनजीत मागच्या गल्लीतल्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा; समोर फळा नसला तरी त्याचा हात हवेत लिहायचा. "सिनेमा बघायचा तर प्लाझ्माच. अंधाराचा सीन आला की एलसीडीत सगळं राखाडी. शिवाय अव्वा बसणार स्वयंपाकघराच्या दारात. एलसीडी बाजूनं बघितला की रंग उडतात."

"आणि दिवसा?" श्रुती म्हणाली. "आपल्या हॉलला तीन खिडक्या. प्लाझ्माचा आरसा होतो नुसता. सिनेमा बघायचा का स्वतःचं तोंड?"

"तू सिनेमा बघतेस कधी? तुला गाडी पळवायची असतीय."

"पळवते की. तुमच्यासारखी दुसऱ्या गिअरात बागल चौकात कुंथत नाही."

फक्रुद्दीन हसला. श्रुतीच्या भावानं दुबईहून गेमचा डबा पाठवला होता. लॅबमधून ती दुपारी घरी आली की जेवण, भांडी, आणि मग अर्धा तास ती जगातल्या कुठल्याकुठल्या रस्त्यांवर लाल गाडी पिटाळायची. सुनेनं गाडी आपटली की सासू आतून विचारायची, "लागलं न्हाय न्हवं?" एवढंच दोघींचं त्या विषयावर बोलणं.

"वैनी गेम खेळणार असतील तर मग इचार करा," फक्रुद्दीन म्हणाला. विकणारा माणूस होता, पण हे घर त्याचं होतं. शाळेत असल्यापासून त्यानं या घरच्या भाकरी खाल्ल्या होत्या, तेव्हा खोड लपवून माल गळ्यात मारणं त्याला जमलं नसतं. "प्लाझ्मावर एकच चित्र लई येळ थांबलं की छाप पडतीया. गेमात कोपऱ्यात आकडं असत्यात न्हवं, काटा असतोय. त्ये तितंच बसतंय. टीव्ही बंद करा, दुसरं काय बी लावा, त्येची छाप दिसत ऱ्हातीया."

"बघा!" श्रुतीनं नवऱ्याकडं पाहिलं.

"दावतो की तुमास्नी." फक्रुद्दीननं मागं भिंतीला टेकवलेला एक प्लाझ्मा सुरू केला. स्टँडजवळच्या एका लॉजवाल्यानं तो परत आणून टाकला होता. वेटिंगमध्ये दिवसभर बातम्या. पडदा पांढरा झाला आणि त्या पांढऱ्यात खालून एक करडी पट्टी उमटली, वर कोपऱ्यात एक चौकोन. धुतलेल्या चादरीवर चहाचा डाग राहावा तसा.

प्रसेनजीतची आई, यल्लव्वा, तोवर काउंटरजवळच्या स्टुलावर बसून होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. टीव्हीच्या भांडणात त्यांनी चार दिवस एक शब्द घातला नव्हता. त्या उठल्या. खोकी ओलांडत मागं गेल्या आणि त्या करड्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"पुसत न्हाय ही?"

"न्हाय मावशी."

"फडक्यानं?"

"आतनं असतीया. कशानंच जात न्हाय."

"वर्सानं बी?"

"जलमभर न्हाय."

यल्लव्वांनी बोट काढून घेतलं. पदराला पुसलं. "मग ह्योच घ्या," त्या म्हणाल्या. "ह्यो छाप ऱ्हातो त्योच घ्या."

फक्रुद्दीन हसायला लागला, "मावशी, ही खोड हाय त्येची—" आणि मधेच थांबला. त्याला कळलं. प्रसेनजीतला कळलं. भाऊसो कूलरच्या खोक्यावरची सूचना वाचू लागले, जी इंग्रजीत होती आणि उलटी होती.

श्रुतीला तर सगळ्यांच्या आधीच कळलं होतं, कारण ते रोज बघणारी ती एकटी होती.

गेम संपवून ती आत पडायला गेली की यल्लव्वा हॉलमध्ये यायच्या. सीडी लावायच्या. निशाच्या लग्नाची. नावं, गुलाबाची फुलं, हळद, सगळं पुढं ढकलत पंगतीपाशी यायच्या. तिथं एक पोरगा आमटीची बादली घेऊन येतो, कॅमेऱ्याचा दिवा तोंडावर पडतो म्हणून वळतो, हसतो, काहीतरी बोलतो. तिथं बटण दाबायच्या. पूर्वी कॅसेट होती तेव्हा थांबवलं की तो थरथरायचा, आणि थोड्या वेळानं मशीन आपणच दमून सोडून द्यायचं. सीडीवर आल्यापासून तो थांबतो. दिवस कलेपर्यंत थांबतो. हिरवा झाला तरी थांबतो.

तो गुंडू. थोरला दीर, ज्याला श्रुतीनं कधी पाहिलं नव्हतं. बहिणीच्या लग्नानंतर दोन वर्षांनी आठवड्याच्या काविळीत गेला. ती लग्न होऊन या घरात आल्याला चार वर्षं झाली, पण त्याचं नाव तिनं सासरच्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. 'तो' म्हणायचे. 'त्याच्या येळी' म्हणायचे. नाव तिला सांगितलं होतं ते भिंतीवरच्या फोटोखालच्या पाटीनं.

"फक्रू, च्या सांग," भाऊसो म्हणाले.

चहा आला. उन्हाळ्याविषयी बोलणं झालं. निघताना फक्रुद्दीन प्रसेनजीतला हळूच म्हणाला, "घाई करू नगा. उद्या येताना घरची कसली बी सीडी आणा, लावून बघू. कंपनीच्या डेमोत काय, दोडकं बी देखणं दिसतंय."

तो बोलला हळू. पण यल्लव्वांचे कान त्या दिवशी वेगळेच उघडे होते.

*

निशा संध्याकाळी आली ती पिशवीत काजू, घनसाळ तांदूळ आणि तोंडात प्रश्न घेऊन. "काय झालंय? आप्पा माझ्याशी गॅसच्या नंबराबद्दल का बोलालेत?"

"काही नाही, ताई. टीव्ही," श्रुती म्हणाली.

"टीव्हीनं माणूस असं गप्प हुतंय व्हय? थांब, मी हातपाय धुऊन येतो."

कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो' म्हणतात याचं नाशिकच्या श्रुतीला पहिलं वर्षभर हसू यायचं. आता त्या 'येतो'नं तिला धीर आला. निशा आली की घरात एक पुरुषमाणूस वाढल्यासारखं वाटायचं, आणि हे ती बोलून दाखवायची नाही इतकंच.

तांदूळ निवडता निवडता श्रुतीनं सांगितलं. लॉजवाल्याचा टीव्ही, पट्टी, बोट. निशा ऐकत होती. तांदळातला एक खडा तिनं बराच वेळ बोटात धरून ठेवला.

"म्हंजे त्याची छाप पाडून घ्यायची टीव्हीवर."

"असंच दिसतंय."

"माझ्या लग्नाची सीडी." निशा हसली, पण ते हसू सरळ नव्हतं. "तुला सांगू? लग्नाला दहा वर्सं झाली, अव्वानं त्या सीडीत मला एकदा बघितलं नसंल. सगळी माझी हळद पळवती, माझं मंगल परिणय पळवती. वराकडची माणसं तर बिचारी रेल्वेत बसल्यागत जात्यात. थांबतं ते पंगतीत. मी त्यात न्हाईच. मी तवा आत साडी बदलाल्तो."

"तुम्हाला वाईट वाटतं?"

"न्हाय गं." आणि मग, "वाटतंय की. पण ते कुणाला सांगायचं? मेलेल्या भावाचा हेवा करती म्हणतील." खडा तिनं खिडकीतून बाहेर टाकला. "त्या व्हिडिओवाल्याची एक खोड बघ. सगळ्या पंगतीवर गाणं टाकलंय त्यानं. बादली घेऊन तो काय बोलला ते ऐकूच येत न्हाय. आधी मला आठवायचं. त्यानंच मला सांगितलं हुतं, त्या व्हिडिओच्या पोराला मी काय म्हटलो म्हणून. आम्ही हसलोबी हुतो."

"काय म्हणाले होते?"

निशानं तांदळाचं ताट हलवलं. डावीकडं, उजवीकडं. मग एकदम म्हणाली, "वेलदोडे कुठं ठेवतेस तू?"

बाहेर हॉलमध्ये तोवर पक्ष बदलले होते. चार दिवस प्लाझ्मासाठी भांडलेला प्रसेनजीत आता एलसीडीच्या बाजूनं बोलत होता, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना.

"प्लाझ्मा वीज खातो, आप्पा. तापतो. वजनाला म्हैस. आपली भिंत पोकळ विटेची, खिळा धरणार न्हाय."

"काल तर धरत हुती," भाऊसो म्हणाले.

"काल मी बघितली नव्हती."

"आणि काळ्या रंगाचं काय मग?" श्रुती हात पुसत दारात आली. "मला पटलं तुमचं. प्लाझ्माच घेऊ."

"तुझी गाडी?"

"गाडी मी जुन्या टीव्हीवर चालवीन. हिरवी तर हिरवी."

प्रसेनजीतनं तिच्याकडं असं पाहिलं की जणू परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं अभ्यासक्रम बदलला. तिनं डोळ्यांनी आतल्या खोलीकडं खूण केली. तिथं अंधारात यल्लव्वा उद्याच्या पांढऱ्या साडीची घडी हातानं दाबून दाबून बसवत होत्या. असू दे की त्यांना, असं श्रुतीची नजर म्हणत होती. एवढं काय मागतात त्या.

प्रसेनजीतला ते कळलं. त्याला एक सांगता येत नव्हतं. भिंतीवर, हॉलमध्ये, जेवताना, क्रिकेट बघताना, पावणं आल्यावर, प्रत्येक चित्राच्या मागं तो पुसट चेहरा. चोवीस वर्षांचा. प्रसेनजीत आता तिशीचा झाला होता. थोरल्या भावापेक्षा तो मोठा होऊन बसला होता आणि हे मोठेपण कसं वागवायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा, लग्नाआधी, तो दाढी करून न्हाणीतून बाहेर आला तेव्हा अव्वानं ताट वाढता वाढता मान वर केली आणि तिचा चेहरा क्षणभर असा फुलला, असा फुलला. आणि मग मावळला. त्यानंतर त्यानं मिशी ठेवली होती. श्रुती म्हणायची, शोभत नाही. तो म्हणायचा, क्लासमध्ये पोरं ऐकत नाहीत बिनमिशीच्या मास्तराचं.

"निशा काय म्हणतीया?" भाऊसोंनी विचारलं. बरोबरीची मतं पडली की ते थोरल्या लेकीवर टाकायचे.

निशा दारात आली. "मी काय म्हणणार? मला जुनाच बरा वाटतोय. तांबडा रंग भरून मिळत न्हाय?"

"नळी मिळत न्हाय आता, आक्का," प्रसेनजीत म्हणाला.

"मग साधाच मोठ्या डब्याचा घ्या की दुसरा. बिनछापाचा."

"डब्याचा टीव्ही आता कोण घेतंय?"

"मग कोण काय घेतंय ते घ्या की! मला कशाला इचारता?" आणि ती आत गेली. कुकरची शिट्टी झाली नव्हती तरी गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

म्हणजे एक प्लाझ्मा, एक एलसीडी, एक जुनाच. भाऊसोंनी स्वतःचं मत दिलं नाही. सगळ्यांनी वीज, भिंत, खिडक्या, वजन असल्या गोष्टींवर जेवण होईतो चर्चा केली. बाहेरचा कुणी ऐकता तर म्हणता, किती चोखंदळ घर आहे.

*

पौर्णिमेची सकाळ नेहमीसारखी गेली. विहारात वंदना, मुलांची भाषणं, पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट. घनसाळच्या खिरीचा वास जिन्यात तीन मजले उतरला. खाली राहणाऱ्या झुंबरबाई वास घेत वर आल्या, वाटीभर खीर खाऊन "दूध जरा जास्त झालंय" असं सांगून आणखी वाटीभर घेऊन गेल्या. ऊन कलल्यावर सगळे दुकानाकडं निघाले. रिक्षा मिळत होती तरी यल्लव्वा म्हणाल्या चालत जाऊ, आणि सगळ्यांच्या पुढं चालत राहिल्या, कापडी पिशवी छातीशी धरून.

भाऊसो मागून बघत होते. चालताना ती पिशवी तिनं कशी धरलीय ते. आत काय आहे हे विचारायची गरज नव्हती.

फक्रुद्दीननं खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. त्याच्या आईनं, खतिजाबींनी पाठवलेलं सरबत होतं. "कुठली सीडी आणली?" असं त्यानं प्रसेनजीतला विचारलं. प्रसेनजीतनं मारामारीचा एक सिनेमा पुढं केला, पण त्याच्या आधी यल्लव्वांनी पिशवीत हात घातला होता. रुमालात गुंडाळलेली सीडी. रुमाल सोडवला, सीडी कडेनं धरली, पदरानं पुसली.

"ही लाव."

"मावशी—"

"लाव की."

फक्रुद्दीननं भाऊसोंकडं बघितलं. भाऊसोंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. सीडी आत गेली.

बेचाळीस इंची पडद्यावर पहिल्यांदा गुलाबाची फुलं आली, मग दोन बदामांत दोन नावं, आणि मग निशा. पंचवीस वर्षांची, हळदीत न्हालेली, ओठ घट्ट मिटलेली. एवढी मोठी की कानातल्या डुलांची हालचालही दिसावी.

"अगं बाई," निशा म्हणाली. तिचा हात गालावर गेला. "किती बारीक हुतो मी."

"सुंदर दिसताय ताई," श्रुती म्हणाली.

"अव्वा, बघ की मला."

यल्लव्वांनी बघितलं. रिमोट फक्रुद्दीनच्या हातात होता, पळवायला नव्हता. म्हणून बघितलं असेल. पण बघितलं. "व्हय गं," त्या म्हणाल्या, "डोळं कसं भ्यालेलं हुतं तुझं," आणि लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. निशानं तो हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला नाही.

अक्षता नव्हत्या, फुलं होती. वंदना झाली. माणसं उठली. मग गाणं सुरू झालं आणि पंगत आली. पत्रावळी, ओळी, कुणाचं तरी रडणारं पोर. उजवीकडून बादली आली, बादलीमागून हात.

"थांबीव," यल्लव्वा म्हणाल्या.

फक्रुद्दीननं थांबवलं. कुठं थांबवायचं ते त्याला बरोबर माहीत होतं. ती कॅसेट सीडीवर त्यानंच उतरवून दिली होती.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

पडद्यावर एक रुंद तोंड होतं. दोन्ही बाजूंनी ओढून ताणलेलं. डोळ्यांच्या जागी काळपट चौकोन, हसण्याच्या जागी चारपाच पांढरे चौकोन, आणि गालावर तांबड्या-पिवळ्या फरशा बसवल्यासारख्या. तांबडा रंग कितीतरी दिवसांनी परत आला होता, पण तो कशावर आलाय ते कळत नव्हतं.

यल्लव्वा खुर्चीतून पुढं झुकल्या.

"ह्यो कोण?"

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

"मावशी, ताणलंय त्ये, पडदा आडवा असतोय न्हवं, थांबा, बारीक करतो—"

"अव्वा, जुन्या कॅसेटवरनं उतरवलीय, तिच्यात मुळात चित्रच एवढं असतंय. मोठं केलं की फुटतंय—"

"दुसऱ्यावर लावून बघा ना, एलसीडीवर कदाचित—"

फक्रुद्दीननं चित्र अरुंद केलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, तोंड लांबट झालं, चौकोन तसेच. मग त्यानं सीडी काढून एलसीडीला लावली. तेच चौकोन, जरा जास्त उजळ. हिरव्या टीव्हीवरच्या त्या लहानशा तोंडात सगळं दडून गेलेलं होतं. इथं मोठं झालं आणि त्यात काहीच निघालं नाही.

"लांबून बघा, आई," श्रुती म्हणाली. "लांबून गेलं की चौकोन मिसळतात. खरंच."

यल्लव्वा उठल्या. दोन पावलं मागं गेल्या. आणखी मागं. काउंटर ओलांडून दुकानाच्या पायरीवर. तिथूनही मान हलवली आणि पायरी उतरून खाली फुटपाथवर गेल्या. भाऊसो दारापर्यंत त्यांच्या मागं गेले. पांढऱ्या साडीतली ती बाई, मागं स्कूटरी, रिक्षा, क्लास सुटलेली पोरं. कुणीतरी "ओ मावशी, बाजूला" म्हणून ओरडलं. ती हलली नाही. तिथून, त्या अंतरावरून, चौकोन जरा गोळा झाले. एक हसणारा पोरगा अंधुक उभा राहिला.

"दिसला?" निशानं आतून विचारलं.

"एवढ्या लांबनं बघायचं व्हय त्याला?" यल्लव्वा म्हणाल्या.

निशा बाहेर आली. आईच्या दंडाला धरलं. "अव्वा, टीव्हीत कशाला बघायला पायजे? आपल्या डोळ्यासमोर हायच की तो. रोज हाय. मला तर काल बोलल्यागत आठवतंय सगळं."

"व्हय," प्रसेनजीत म्हणाला. "मलाबी."

भाऊसोंनी लेकाकडं पाहिलं. मिशीखालचे त्याचे ओठ हलत होते. लेकीकडं पाहिलं, ती आईकडं बघायचं टाळून रस्त्यावरच्या पोरांकडं बघत होती. खोटं बोलताना दोघंही लहानपणी असंच करायची, हा त्यांना त्या क्षणी आठवलेला एकमेव खरा चेहरा होता. दोघांचा. तिसऱ्याचा शोधला. डोळे मिटून शोधला. भिंतीवरचा फोटो आला, दाखल्यावरून मोठा केलेला, फोटोवाल्यानं भुवया कोरलेला. मग टीव्हीतला हिरवा आला, बादली घेऊन. दोनच चित्रं. त्यांच्या मागं कुणी नव्हतं. वर्ष झालं असेल, जास्तही असेल, त्यांच्या मागं कुणी नव्हतं, आणि रोज दुपारी ती सीडी लावली की ते चप्पल घालून फिरायला जायचे ते एवढ्याचसाठी, की तिनं कधी "दिसतोय न्हवं?" असं विचारलं तर काय सांगायचं.

ते पायरी उतरले. खाली आले. बायकोला ते चारचौघांत कधी नावानं हाक मारत नसत. घरातसुद्धा 'निशाची आई'.

"यल्लव्वा."

तिनं मान वळवली.

"मशिनीत काय खोट न्हाय. पोरं खोटं बोलाल्यात, त्यांच्यावर रागावू नको. मीबी बोललो असतो." त्यांनी खिशाला सांगितल्यासारखं सांगितलं नाही, सरळ, मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "मला त्याचा चेहरा आठवत न्हाय. फोटो आठवतोय, सीडी आठवतीया, त्यो आठवत न्हाय. तुलाबी आठवत न्हाय, म्हणून तुला छाप पायजे. आपण समदी गुंडूला इसराय लागलोय."